विधी सेवा वकिलांची परिषद आखताना

पोक्सोची (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालील) प्रकरणे आणि कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज सतत हाताळणाऱ्या पॅनेल वकिलांसाठी, म्हणजे मोफत विधी सेवेसाठी नेमलेल्या वकिलांसाठी, परिषद घेताना पीडितांच्या जबान्यांवरचे, मनावर ताण आणणारे सत्र दिवसाच्या शेवटी ठेवू नये. ते सकाळी घ्यावे, त्यानंतर अर्धा तास मोकळा सोडावा आणि सभागृहालगत सतरंज्या घातलेली एखादी शांत खोली राखून ठेवावी. (पहाटे सहाचा सक्तीचा योगवर्ग म्हणजे विश्रांती नव्हे.) २०१३च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार कर्मचारी कामानिमित्त जातो ते ठिकाणही कामाचे ठिकाणच ठरते, म्हणून अशा छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांचे संपर्क क्रमांक नोंदणीच्या टेबलावरच लावावेत. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मात्र ओळखपत्राच्या मागे छापावा. फलकावरून तो चारचौघांत टिपून घ्यायला माणूस संकोचतो.