मोनोपॉडवर उडते पक्षी टिपताय? या चुका टाळा

मोनोपॉड म्हणजे दोन पाय तोडलेला ट्रायपॉड नव्हे. कॅमेऱ्याला आधार देणारा हा एकपायी दांडा. दोन-सव्वादोन किलोची लेन्स हातांवर न तोलता तयार ठेवणं, एवढंच त्याचं काम. 200-500 किंवा 150-600 मिमीची लांब पल्ल्याची लेन्स चढवून ‘हलायला नको’ म्हणत सगळे नॉब आवळणारे बघितले की हात जोडावेसे वाटतात. उडत्या पक्ष्यासाठी हलायलाच तर हवं!

सगळ्यात महागात पडतं ते बॉल हेड, म्हणजे दांड्याच्या माथ्यावरचा, गोळ्यावर सगळीकडे फिरणारा सांधा. ट्रायपॉडचं घरात पडलेलंच आहे, तेच लावलं, पैसे वाचले. भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी हिवाळ्यात हमखास दिसणारं दृश्य: रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उथळ पाण्यात चरताहेत, फ्रेम छान जमली म्हणून बॉल घट्ट केलेला. मग थवा वाऱ्याकडे तोंड करून पाण्यावरून धावत सुटतो, इकडे घाईत नॉब सैल होतो आणि लेन्स धाडकन एका कुशीवर कलंडते. ती सावरेपर्यंत थवा लांब गेलेला, कार्डात नुसत्या पाठी. बॉल सुटला की सगळ्या दिशांनी सुटतो. आपल्याला हवं असतं फक्त वर-खाली. डावं-उजवं दांडाच फिरतो आणि क्षितिज लेन्सच्या कॉलरवर, म्हणजे लेन्सभोवतीच्या फिरत्या कड्यावर, सरळ होतं (ती किंचित सैलच ठेवा). म्हणून एकाच दिशेने झुकणारं टिल्ट हेड घ्या. नॉब इतकाच आवळा की हात सोडला तर लेन्स सावकाश झुकेल, आपटणार नाही.

टिल्ट हेड परवडत नसेल तर हेडच नको. लेन्सच्या कॉलरचा पाय थेट मोनोपॉडवर बसवा आणि वर नेम धरताना दांड्याचा माथा स्वतःकडे ओढा. फक्त एक ध्यानात ठेवा: खालचं रबर खडकावर घट्ट बसलं असेल, तर पॅन करताना, म्हणजे पक्ष्यामागे लेन्स फिरवताना, डावीकडे वळलात की वरचा स्क्रू थोडा थोडा उलगडत जातो. अधूनमधून चाचपत राहा. लेन्स पाण्यात गेल्यावर चाचपून उपयोग नाही.

दुसरी खोड उंचीची. घरी भिंतीकडे बघत डोळ्याइतकी उंची ठरवतात. पण लेन्स वर गेली की व्ह्यूफाइंडर खाली येतो आणि घार डोक्यावर आली की माणूस गुडघ्यात वाकतो. दांडा दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त उघडा. पाण्यालगत जाणाऱ्या सुरय पक्ष्यासाठी (टर्न) दांड्याचं खालचं टोक पुढे सरकवलं की उंची आपोआप उतरते.

स्वतःचे पाय पक्षी दिसतो तिकडे रोवू नका. जिथे क्लिक करायचंय तिकडे रोवा, कंबरेतून मागे वळून पक्षी पकडा आणि उलगडत या. पक्षी दिसला तिकडे पाय रोवून मग त्याच्यामागे वळणाऱ्याची कंबर ऐन वेळी अडते.

लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हादरे शोषणारी सोय) साध्या मोडवर ठेवू नका. पॅनिंगचा किंवा स्पोर्ट मोड लावा. शटर रोहितांना 1/1600 सेकंद, सुरयना 1/3200. मोनोपॉड आहे म्हणून 1/500 चालेल, हा भाबडेपणा आहे. पंख तुमच्यासाठी थांबत नाहीत.

होडीच्या तळावर दांडा टेकवला की इंजिनाची थरथर थेट लेन्समध्ये. तिथे हातानेच काढा.

उंचीसाठी जाड नळ्या आधी उघडा. चिखलात मात्र सर्वांत खालची बारीक नळी चार बोटं बाहेर ठेवा, म्हणजे लॉक पाण्याबाहेर राहतं. घरी आल्यावर ती नळी पूर्ण उघडून धुवा, आणि वाळल्याशिवाय आत ढकलू नका.