पोळा झाला की लागायचं: चार नाटकांच्या हंगामाची तयारी

पोळा झाला की पहिली बैठक लावा. नाटकं ठरवायच्या आधी माणसांचं वर्ष कागदावर मांडा. आपल्याकडं मराठवाड्यात दसऱ्याच्या मागंपुढं सोयाबीन काढणीला येतं, मग कापसाची वेचणी, फेब्रुवारीपासून बारावी-दहावीच्या परीक्षा. अंबाजोगाईत मार्गशीर्ष पौर्णिमेपर्यंत योगेश्वरीचा उत्सव असतो, त्या दिवसांत नटही मिळत नाही आणि मांडववालाही. एवढं वगळून जे शनिवार-रविवार उरतील तोच आपला हंगाम. त्यात चार नाटकं बसतात, पाचव्याचा हट्ट धरू नका.

ही चार नाटकं चार तऱ्हेची असू द्या: एक घरगुती, एक फार्स, एक बालनाट्य आणि एक आपल्या मातीतलं. मातीतलं आधी ठरवा, कारण त्याला वेळ जास्त लागतो. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधली ५२ पात्रं लक्ष्मण देशपांड्यांनी एकट्यानं उभी केली, त्यात मराठवाडी बोलीचा वाटा मोठा. आपला शहरात शिकलेला पोरगा सालगड्याच्या भूमिकेत ‘काय करतोयस?’ म्हणतो आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याचा त्याच्यावरचा विश्वास तिथंच उडतो. ‘काय करायलास?’ हे ओठांवर यायला महिनाभर जातो. म्हणून पहिल्या वाचनालाच गावाकडची एखादी आजी किंवा काका बसवा आणि त्यांनी टोकलं की संहितेत लगेच पेन्सिलीनं दुरुस्ती करा.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण मागं ठेवू नका. लेखकाची लेखी परवानगी आणि त्यांचं मानधन, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र, सभागृहाची पावती. प्रयोग उघड्या मैदानात असेल तर पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, तेव्हा पडदा ७ वाजता वर गेलाच पाहिजे.

नेपथ्य चारही नाटकांना मिळून एकच करा. आठ फुटी सहा फ्लॅट (चौकटीवर कापड ताणलेल्या उभ्या भिंती) आणि चार लेव्हल (लाकडी चौथरे) पुरतात, रंग आणि पडदे तेवढे बदलायचे. मात्र सुताराला काम देण्याआधी टेप घेऊन सभागृहाचं मागचं दार मोजून या. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी आमचा फ्लॅट दारातून आत गेलाच नाही. प्रयोगाच्या दिवशी दुपारी तो करवतीनं कापावा लागला आणि ज्या पोरानं रात्र जागून त्यावर वाड्याची भिंत रंगवली होती, तो शेजारी उभा राहून बघत होता. ते पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

प्रकाशयोजनेचा हिशेब वायरमनबरोबर बसून करा. १००० वॅटचे १२ दिवे एकदम लावले तर एका फेजवर जवळपास ५२ अँपिअर जातात आणि शाळेच्या हॉलचं बोर्ड तेवढं सोसत नाही. भार तीन फेजवर वाटला तर प्रत्येकी साधारण १७ वर येतो. रंगीत तालमीला सगळे दिवे एकदम लावून अर्धा तास तसेच ठेवा. जनरेटर सांगून ठेवा, डिझेलही आधीच भरून ठेवा.

तालीम संध्याकाळी ७ ते साडेनऊ. कुठल्या मुलीला घरी कोण सोडणार, हे रोज तालीम सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का, दिवा आहे का, स्वच्छतागृहात पाणी आहे का, हे सभागृह ठरवतानाच बघा. आयांना एवढी खात्री वाटली तरच त्या मुलींना पुढच्या वर्षी पाठवतात, आणि मुली नसतील तर नाटक कशाचं करायचं?

वेशभूषा, रंगभूषा आणि हातातल्या वस्तू यांची जबाबदारी एकाच माणसाकडं द्या. बिडी, काडेपेटी, पत्र, चहाचा कप सगळं त्याच्या ट्रंकेत. कपात खरा चहा असू द्या, रिकामा कप तोंडाला लावलेला शेवटच्या रांगेतूनही कळतो.

शाळेच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, वाक्याचं शेपूट ऐकू येत नाही. त्यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे गोधड्या. गल्लीतल्या घराघरांतून पंधरा-वीस मागून आणा आणि मागच्या व बाजूच्या भिंतींवर दोरीला टांगा. लुगड्यांचे थर शिवलेली जाड गोधडी आवाज छान पिते. प्रत्येकीच्या कोपऱ्याला घराचं नाव लिहिलेली चिंधी टाचा. शेवटचा प्रयोग झाला की धुऊन, उन्हात वाळवून ज्याची त्याच्या घरी पोचवा.