ग्राफ्ट धरतो तो तळावर: बर्न्स वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांसाठी

बर्न्स वॉर्डात रुजू झालं की सगळ्यांचं लक्ष डर्माटोमवर, म्हणजे त्वचा तासणाऱ्या यंत्रावर असतं. ग्राफ्टसाठी, म्हणजे जखमेवर लावण्यासाठी, त्वचेचा पातळ पापुद्रा काढणं सरावाने जमतं. जखमेचा तळ ओळखायला मात्र जास्त दिवस लागतात, आणि ग्राफ्ट वाया जातो तो बहुतेक वेळा तिथेच.

मेलेली त्वचा थराथराने तासत जा. करडा, निस्तेज थर किंवा गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या दिसताहेत तोवर थांबू नका. पांढरी, चकचकीत त्वचा आणि तिच्यावर टिपक्याटिपक्यांनी उगवणारं रक्त, हा जिवंत तळ. चरबीपर्यंत जावं लागलं तर ती पिवळी, चमकदार हवी. तपकिरी डागांची चरबी काढूनच टाका. मग रक्तस्राव थांबवायला अॅड्रिनलिन-सलाइनचे ओले पॅड दहा मिनिटं दाबून धरा. मधेच उचलून बघायचा मोह आवरा.

पहिले दोन दिवस ग्राफ्ट तळातून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो. रक्तवाहिन्या त्यानंतर जुळू लागतात. या काळात खाली गुठळी साचली किंवा ग्राफ्ट जागेवरून सरकला, तर तेवढा भाग गेलाच. म्हणून सांध्यावर तो हलू न देणारा प्लास्टरचा स्लॅब हवाच, आणि ड्रेसिंग उघडायचं साधारण पाचव्या दिवशी. वास, ताप किंवा वाढता स्राव असेल तर त्याआधीच. जखमेच्या स्वॅबमध्ये (तपासणीच्या नमुन्यात) बीटा हिमोलिटिक स्ट्रेप्टोकोकस हा जंतू आला असेल तर ग्राफ्ट लावूच नका. ग्राफ्ट अक्षरशः विरघळतो.

चेहऱ्यावर आणि हातांवर अखंड ग्राफ्ट, इतरत्र १:१.५ मेश, म्हणजे छेद देऊन जाळीसारखा दीडपट पसरवलेला ग्राफ्ट. स्वतःची त्वचा पुरत नसेल तर १:३, आणि त्यावर मृत दात्याची त्वचा. मुंबईत सायन रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. ही त्वचा मृत्यूनंतर ६ तासांत घेतात, ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ४ ते ८ अंशांवर ठेवतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. लावण्याआधी ग्लिसरॉल सलाइनने नीट धुऊन काढा. काही आठवड्यांत ती सुटते, तोवर रुग्णाच्या दात्री जागा (जिथून ग्राफ्ट काढला त्या) भरून पुन्हा वापरता येतात.

कोलाजेनचं तयार आवरण फक्त ताज्या, स्वच्छ, उथळ जखमेवर. खोल किंवा जुन्या जखमेवर लावलं की खाली पू कोंडतो.

दात्री जागा ग्राफ्टपेक्षा जास्त दुखते, हे रुग्णाला आधीच सांगा आणि वेदनाशामक वेळेवर द्या. तिथलं ड्रेसिंग ओढून काढू नका. १० ते १४ दिवसांत खालची त्वचा भरली की ते आपोआप सुटतं.