ऑटिझमच्या तपासणीला पहिल्यांदाच जाताय? या चुका टाळा

चिठ्ठीवर ‘ऑटिझम’ आणि पुढे प्रश्नचिन्ह लिहून बालरोगतज्ज्ञांनी पुढे पाठवलं, की घरात तयारी सुरू होते. केस कापून आणतात, नवा शर्ट निघतो, ‘डॉक्टर अंकलना गुड मॉर्निंग म्हणायचं हं’ अशी घोकंपट्टी चालते. आजी देवळात जाऊन गाऱ्हाणं घालून येते, मामा रजा टाकून गाडी काढतो. गाऱ्हाणं चालेल, मामाची गाडी तर हवीच. घोकंपट्टी तेवढी नको. आपण परीक्षेला चाललोय आणि मुलाला पास करून आणायचंय, असं घरच्यांना वाटतं आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात. मूल घरी जसं आहे तसं तज्ज्ञांना दिसलं, तरच त्या दिवसाचा उपयोग.

‘तपासलं कुठे? नुसतं खेळवलं!’

क्लिनिकमधून बाहेर पडताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. ऑटिझम सांगणारी रक्ताची तपासणी नाही, एमआरआयमध्येही तो दिसत नाही. फिट येत असतील तर ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, करायला सांगतात, काही मुलांना जनुकीय तपासणी सांगतात. पण निदान होतं ते मुलाला बघून आणि तुम्हाला विचारून. त्यामुळे ‘आधी डोक्याचा स्कॅन करूनच जाऊया’ म्हणून स्वतःहून पैसे घालवू नका.

खेळ साधा दिसतो, पण त्यात बरंच काही बघितलं जातं. एक उदाहरण घ्या. तपासणाऱ्या ताई साबणाचे फुगे उडवतात, मूल खूश होतं. मग त्या बाटलीचं झाकण घट्ट लावून बाटली मुलाच्या हातात देतात आणि गप्प बसतात. आता मूल काय करतं? बाटली परत देऊन तोंडाकडे बघतं? ‘अजून’ म्हणतं? ताईंचा हात धरून, चेहऱ्याकडे न बघता, नुसता हात झाकणावर नेऊन ठेवतं? की बाटली टाकून पंख्याकडे बघत बसतं? या दहा-पंधरा सेकंदांसाठीच तो सगळा खेळ मांडलेला असतो. आणि नेमकं तेव्हाच आईला राहवत नाही, ती उठून झाकण काढून देते. किंवा बाबा मागून म्हणतात, ‘सांग, सांग, ओपन म्हण!’ माया असते ती, कबूल. पण तुम्हाला सांगेपर्यंत हात मांडीवर ठेवा. मूल अडलं, रडलं, खुर्चीखाली जाऊन बसलं तरी लाज वाटून घेऊ नका. तिथल्या लोकांसाठी हे रोजचंच आहे.

‘ऐकू येतं हो त्याला, टीव्हीची जाहिरात लागली की धावत येतो’

बहुतेक ठिकाणी आधी कानांची तपासणी मागतात आणि घरचे हमखास याच वाक्याने ती टाळतात. बिस्किटाच्या पुड्याचा आवाज ऐकून मूल धावत येतं म्हणजे त्याला बोलण्यातले सगळे आवाज नीट ऐकू येतात असं नाही. काही आवाज ऐकू येणं आणि काही न येणं, हेही असतं. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी बेरा तपासणी करूनच घ्या.

बेरासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा असं सांगतात. कधी झोपेचं औषधही देतात. म्हणूनच ‘एवढ्या लांब जातोय तर एकाच खेपेत दोन्ही उरकू’ हा हिशेब चुकतो. अर्धवट झोपेतलं, चिडलेलं मूल दुपारी खेळाच्या खोलीत नेलंत, तर तिथे जे दिसेल ते झोपमोडीचं असेल. दोन दिवस वेगळे ठेवा.

प्रश्नांना ‘हो, करतो सगळं’ असं उत्तर

तुमच्याशी बोलणं हा तपासणीचा निम्मा भाग. गरोदरपण, बाळंतपण, मान कधी धरली, पहिला शब्द कधी, आलेले शब्द मध्येच बंद पडले का, असं खूप विचारतात. शब्द गेले असतील तर ते नक्की सांगा. काही मुलं दीड-दोन वर्षांच्या आसपास आलेलं बोलणं गमावतात आणि तज्ज्ञांना ही माहिती फार महत्त्वाची असते.

‘बोट दाखवतो का?’ या प्रश्नावर सगळेच मान हलवतात. पण विचारायचं असतं ते वेगळं. फ्रिजकडे ओढत नेतो, ते नाही. आकाशात विमान दिसलं, अंगणात मांजर आलं, तर बोट करून मग वळून तुमच्या तोंडाकडे बघतो का, ‘तू पण बघितलंस ना?’ असं? जायच्या आधी दोन-चार दिवस नुसतं हे बघून ठेवा. नावाने हाक मारल्यावरचंही तसंच. हाक मारताना हातात खाऊ नको, टाळी नको, नुसतं नाव घ्यायचं.

उत्तरं कोण देतं, यावरही बरंच अवलंबून असतं. दिवसभर मुलाजवळ जो असतो त्याने यायलाच हवं, मग ती आई असो, आजी असो की सांभाळणारी बाई. आणि चारपाच जणांची वरात नको. आजोबा ‘याचा बापही चार वर्षांनी बोलला’ म्हणणार, आत्या ‘मोबाईलमुळे झालंय’ म्हणणार आणि आई गप्प होणार. हे होऊ देऊ नका. मोबाईल कमी करणं चांगलंच, पण ऑटिझम मोबाईलने होत नाही, लसींनी होत नाही आणि आईच्या नोकरीने तर मुळीच होत नाही. लसींवर ठपका ठेवणारा १९९८चा ब्रिटनमधला लेख २०१०मध्ये मागे घेतला गेला, तरी ते भूत अजून व्हॉट्सॲपवर फिरतंच आहे.

भाषेचा घोळ

हा आपल्या गोव्यातला खास प्रश्न. घरी मराठी, शेजारी कोंकणी, बालवाडीत इंग्रजी आणि यूट्यूबवर अमेरिकन इंग्रजी. ‘तीन भाषांमुळे मूल गोंधळलं’ असं घरचेही म्हणतात, काही शिक्षकही म्हणतात, आणि मग आई-बाप मोडक्यातोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलायला लागतात. जास्त भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही. ज्या भाषेत तुम्ही मनापासून बोलता, रागावता, गाणी म्हणता, तीच मुलाशी बोला.

क्लिनिकमध्ये मात्र आधीच सांगा: घरी मराठी बोलतो, कोंकणी समजते, सूचना मराठीत द्या. नाहीतर इंग्रजीत ‘गिव्ह मी’ म्हटलं आणि मूल हललं नाही, तर ते समजलं नाही म्हणून की ऐकलंच नाही म्हणून, हे कसं कळणार?

शब्दांची यादी करून न्या, पण दोन रकान्यांत. एकात मूल स्वतःहून, गरजेला वापरतं ते शब्द. दुसऱ्यात नुसतं पाठ म्हणतं ते. ए टू झेड, शंभरपर्यंत आकडे, रंगांची नावं खडाखड म्हणणारं मूल तहान लागल्यावर ‘पाणी’ म्हणत नसेल, तर आपण पहिलीच गोष्ट कौतुकाने सांगतो आणि दुसरी सांगायचीच राहते. विचारलेला प्रश्नच परत म्हणत असेल (‘जेवलास?’ला ‘जेवलास’), तर तेही लिहा.

जाण्याचा दिवस

सत्तरीतून किंवा काणकोणहून निघायचं, पणजीला किंवा मडगावला बस बदलायची, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचेपर्यंत मूल आणि आई दोघंही अर्धी झालेली. शक्य असेल तर मुलाचा झोपेचा वेळ टाळून वेळ मागा. गर्दी कमी कधी असते, हे आधीच विचारून घ्या. गाडीत मोबाईल दिला तर दिला, त्या दिवशी नवी शिस्त लावायला जाऊ नका. फक्त नंबर लागायच्या बऱ्याच आधी काढून घ्या. दारात हिसकावून घेतलेल्या मोबाईलचा आकांत आत खोलीपर्यंत पोचतो. आवडीचा खाऊ, एक ओळखीचं खेळणं, जास्तीचा कपड्यांचा जोड एवढं पुरे.

आयपीएचबीचा, म्हणजे बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयाचा, बोर्ड बघून ‘कोणी ओळखीचं बघेल’ म्हणून मागे फिरणारी कुटुंबंही आहेत. तसं वाटत असेल तर जिल्हा इस्पितळातून सुरुवात करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्याखाली लहान वयातच मुलांचा विकास तपासून मदत देणारी डीईआयसी केंद्रं चालतात. कुठूनही करा, पण सुरुवात करा.

कागद: लसीचं कार्ड, जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, आधीचे रिपोर्ट, शिक्षिकेच्या हातची चार ओळींची चिठ्ठी. मोबाईलमध्ये छोटे व्हिडिओ ठेवा आणि वाढदिवसाला गाणं म्हटलेला सोडून बाकीचे ठेवा: जेवताना, एकटं खेळताना, चवथीला चुलत भावंडांच्या घोळक्यात, फटाक्यांच्या आवाजाला कान झाकताना. इंटरनेटवरची एम-चॅट ही वीस प्रश्नांची यादी भरून नेली तरी हरकत नाही, पण ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे आणि ती चाळणी आहे, निदान नाही. पाच वर्षांच्या मुलासाठी भरून घाबरण्यात अर्थ नाही.

निकाल त्याच दिवशी हवा

पुष्कळदा मिळत नाही. दोन-तीन खेपा होतात, कधी ‘सहा महिन्यांनी पुन्हा बघू’ म्हणतात. चूक होते ती त्या सहा महिन्यांत हातावर हात ठेवून बसण्याची. बोलणं उशिरा आहे एवढं कळलं तरी स्पीच थेरपी सुरू करता येते, त्याला निदानाचा शिक्का लागत नाही. उठायच्या आधी तीन गोष्टी विचारा: कोणती चाचणी वापरली, लेखी रिपोर्ट कधी मिळेल, आणि घरी उद्यापासून काय करू?

हा तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. आठवड्यातून पाऊण तास थेरपिस्टकडे सोडलं की काम झालं, असं होत नाही. गोव्याची संगाथ संस्था ज्यात होती तो एक अभ्यास २०१६मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. गोवा आणि रावळपिंडी इथल्या ६५ मुलांवर तो झाला होता. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी खेळतानाचे त्यांचेच व्हिडिओ दाखवून शिकवलं, पंधरा दिवसांनी एकदा अशी बारा सत्रं. त्यानंतर पालक मुलाच्या कलाने जास्त चालायला लागले आणि मुलंही स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली.

याउलट ‘मुळापासून बरा करतो’ असं सांगणारा भेटला, की पाकीट खिशातच ठेवा. ऑटिझमवर स्टेम सेल उपचार करू नयेत, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ साली स्पष्ट सांगितलं आहे. तरी लाखांची पॅकेजं विकली जातात आणि सोनं गहाण ठेवून लोक ती घेतात. राग येतो तो याचा.

रिपोर्ट म्हणजे प्रमाणपत्र नव्हे

क्लिनिकचा रिपोर्ट घेऊन लोक सरळ समाजकल्याण खात्यात जातात आणि परत येतात. दिव्यांग प्रमाणपत्र सरकारी मेडिकल बोर्डाकडून मिळतं आणि त्यासाठी ‘आयसा’ ही चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजणी वापरतात. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या, संकेतस्थळावरून करायचा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे. ‘मुलीचं लग्न कसं होणार’ म्हणून प्रमाणपत्र टाळणारे पुढे शाळेतल्या सवलतींसाठी ऐन वेळी धावपळ करतात. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठीही ते लागतं. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यासाठीही लागतं. या विम्याचं संरक्षण एक लाखापर्यंत असतं आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो, म्हणून फीच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत कुणाच्याही टेबलावर सोडून येऊ नका.