प्लॅटफॉर्म काढताना या चुका टाळा: आधी विहिरी, मग क्रेन

समुद्रातला जुना तेलाचा प्लॅटफॉर्म काढायचा म्हटलं की पहिल्याच मीटिंगमध्ये क्रेनची चर्चा सुरू होते. बार्ज (क्रेन वाहणारा मोठा तराफा) कोणती, उचल किती टनांची, पावसाळ्याआधी तारीख मिळेल का. विहिरींचा विषय शेवटी येतो, तोवर निम्मी मंडळी जेवायला उठलेली असतात. ब्रिटनच्या उत्तर समुद्रात या कामाचा जवळपास निम्मा खर्च नुसत्या विहिरी कायमच्या बंद करण्यावर होतो. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्याजवळच्या ताप्ती गॅस क्षेत्रापासून सुरुवात झाली आहे. १९७६पासून तेल देणाऱ्या मुंबई हायची रांग मागे उभीच आहे. म्हणून हे आत्ताच सांगतो.

गेजवरच्या शून्यावर विश्वास ठेवणे

यावर मी जरा लांबण लावणार आहे. विहिरीत केसिंगचे पाइप एकात एक बसवलेले असतात आणि मधल्या पोकळीला ॲन्युलस म्हणतात. वर्षानुवर्षं दाब आणि तापमान बदलत राहिलं की तिथलं सिमेंट तडकतं, पाइपापासून सुटतं आणि खालचा गॅस मुंगीच्या पावलांनी वर सरकतो.

एका वेलहेड (विहिरींची तोंडं असलेल्या) प्लॅटफॉर्मवर कंत्राटदाराच्या नव्या इंजिनियरने ॲन्युलसचा व्हॉल्व्ह उघडला, दाब सोडला, काटा शून्यावर येताच फोटो काढला आणि रिपोर्टात ‘ओके’ लिहून मोकळा झाला. मे महिना, बार्जचं भाडं दिवसावर. वरच्यांनीही ते गोड मानून घेतलं. मी म्हटलं, व्हॉल्व्ह बंद करा आणि सकाळपर्यंत थांबा. “सर, पावसाळा लागेल.” अहो, तो दरवर्षीच लागतो! क्रेनवाले तर गुडघ्याला बाशिंग बांधून तयार होते. सकाळी काटा पुन्हा वर. त्याच दिवशी कंडक्टर (विहिरीचा सगळ्यात बाहेरचा पाइप) कापायचा बेत होता, म्हणजे कापणाऱ्यांच्या तोंडावर गॅस आला असता. मग केसिंगचा तेवढा भाग मिल करून, म्हणजे आतून खरवडून काढून, खडकापासून खडकापर्यंत सलग सिमेंट भरावं लागलं. उचल गेली पावसाळ्यानंतर. चरफडले सगळे.

माझी सवय सांगतो. गेज स्वतःचा न्यायचा, कारण प्लॅटफॉर्मवरचा गंजून शून्यावर अडकलेला असू शकतो. दाब सोडून, व्हॉल्व्ह बंद करून, निदान एक रात्र काढायची. विहीर बंद करणाऱ्या सिमेंटच्या प्लगवर (बुचावर) नुसतं वजन टेकवून समाधान मानायचं नाही, दाबाची चाचणी घ्यायचीच.

जुन्या ड्रॉइंगवरचं वजन धरणे

ड्रॉइंगमध्ये शिंपल्यांचा थर नसतो, पायांत भरलेला ग्राउट (सिमेंटचा लगदा) कधीकधी नसतो, नंतर वेल्ड केलेलं सामान तर नसतंच. डायव्हर पाठवून थर मोजा, टॉपसाइड, म्हणजे पाण्यावरचा भाग, जॅकवर तोलून घ्या. एक्सेलमध्ये वरून दहा टक्के घातले की झालं, असं म्हणणाऱ्याला उचलीच्या वेळी हुकाखाली उभं करावं.

टाकीत काय आहे हे अंदाजाने ठरवणे

१९९५मध्ये ब्रेंट स्पार या तरंगत्या टाकीत ५,५०० टन तेल असल्याचं ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने जाहीर केलं. नंतर कळलं की नमुन्याची नळी टाकीत पोहोचलीच नव्हती, वरच्या पाइपातच राहिली होती. त्यांनी माफी मागितली. पण ती टाकी समुद्रात बुडवायला निघालेल्या शेल या तेल कंपनीलाही शेवटी ती नॉर्वेला न्यावी लागली. नमुना कुठून घेतला, हे नमुन्याइतकंच महत्त्वाचं.

“राहू द्या, माशांना घर होईल”

मेक्सिकोच्या आखातात असं करतात, ते परवानगी घेऊन, विहिरी बंद करून आणि सांगाडा साफ करून. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची १९८९ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ७५ मीटरपेक्षा कमी खोलीतली, ४,००० टनांखालची बांधकामं पूर्ण काढावीत. माशांची आठवण नेमकी बजेट संपल्यावर येते, हे मी बरेचदा पाहिलंय.

बाकीच्या चुका झटपट. पाइपलाइन फ्लश न करता, म्हणजे आतून धुऊन न काढता, कापू नका. पाइपांच्या आतल्या पापुद्र्यात किरणोत्सर्गी रेडियम असू शकतं, यार्डात ग्राइंडर लावण्याआधी मोजा. म्हातारं झालेलं क्षेत्र छोट्या कंपनीच्या गळ्यात मारून सुटका होत नाही; ऑस्ट्रेलियात नॉर्दर्न एंडेव्हर या तेल काढणाऱ्या जहाजाची मालक कंपनी बुडाली, जहाज सरकारच्या अंगावर आलं आणि वसुलीसाठी सगळ्याच तेल कंपन्यांवर कर लागला. शेवटी, तळाचा सोनार सर्व्हे झाला तरी ट्रॉलरने जाळं ओढून बघा. प्लॅटफॉर्मभोवतीचा ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा उठला की तिथे मच्छीमार येणार, आणि तळाशी विसरलेल्या स्कॅफोल्डिंगमध्ये जाळं अडकलं तर होडी उलटू शकते.