दहा हजार फुकट रत्नं आणि माझा पहिला ‘नऊ’

“ताई, हा दरवाजा तुझ्याकडे उघडला कसा?”

गौरी-गणपतीला मावशीकडे गेले होते. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि मावसभाऊ ओंकार फोन घेऊन शेजारी येऊन बसला. माझा रिव्ह्यू वाचून त्याने गेम उतरवला होता. मी त्या गेमला दहापैकी नऊ दिले होते. स्क्रीनवर एक लोखंडी दरवाजा, त्याच्याखाली उलटं चालणारं घड्याळ: १७ तास ४२ मिनिटं. बाजूला हिरवं बटण, ३५० रत्नं दिली की आत्ता उघडतो. ओंकारकडे रत्नं होती अकरा.

दरवाजा मी पाहिला होता. घड्याळ पाहिलंच नव्हतं. पब्लिशरने रिव्ह्यूसाठी दिलेल्या अकाउंटमध्ये दहा हजार रत्नं आधीच भरलेली होती. ‘पुन्हा विचारू नका’वर मी पहिल्याच दिवशी टिचकी मारली होती, त्यामुळे गेम माझ्या वतीने रत्नं कापत राहिला आणि दरवाजे उघडत राहिले. मी लिहिलं होतं, “गेमची गती कुठेही अडखळत नाही.” हे वाक्य आजही आठवलं की कान गरम होतात.

तर हे लिहितेय ते मोबाइल आणि हातातल्या कन्सोलवरच्या गेमचे रिव्ह्यू लिहायला लागलेल्यांसाठी. गाचा म्हणजे नशिबाची सोडत, एम्बार्गो म्हणजे ठरल्या वेळेआधी रिव्ह्यू छापायला बंदी, फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. हे सगळं मलाही येत होतं, तरीही मी त्या दरवाजात अडकलेच.

हा सापळा नीट समजून घ्या, जरा लांबण लागली तरी चालेल. फुकट मोबाइल गेम एकच नसतो. पहिले दोन-तीन दिवस तो वेगळा असतो. तेव्हा बक्षिसं भरभरून मिळतात, लेव्हल पटापट वाढते, सगळं कसं चकचकीत. मग हळूहळू गाठ आवळली जाते. ऊर्जा पुरत नाही, घड्याळं लांबतात, शत्रू अचानक दुप्पट दणकट होतात. पैसे कमावणारा गेम हा दुसरा. आपण रिव्ह्यू लिहितो पहिल्याचा आणि वाचक राहतो दुसऱ्यात. त्यात रिव्ह्यूच्या अकाउंटमध्ये रत्नं भरून दिली, की दुसरा गेम आपल्याला दिसतच नाही. यात कुणी लाच देत असतं असं नाही. पब्लिशरचं म्हणणं असतं की तुमच्याकडे वेळ कमी, तुम्हाला सगळं बघता यावं. खरंही असतं ते. म्हणून तर फसायला होतं!

गेन्शिन इम्पॅक्टचं उदाहरण घ्या, कारण त्याचे आकडे गेममध्येच लिहिलेले आहेत. मर्यादित काळाच्या बॅनरवर, म्हणजे पात्रांच्या सोडतीत, पाच तारे असलेलं पात्र मिळण्याची शक्यता एका खेपेला ०.६ टक्के. नव्वदाव्या खेपेपर्यंत एक तरी मिळतंच, पण ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. एका खेपेला १६० प्रिमोजेम (तिथली रत्नं), म्हणजे नव्वद खेपांना १४,४००. आता ज्याच्या अकाउंटमध्ये हे आधीच भरलेलं आहे त्याने लिहायचं की “पात्रांची विविधता मनमोहक आहे”? असेल मनमोहक. पण वाचकाला ती महिनोन्महिने खिडकीतूनच बघायची आहे. त्याच गेममधली ऊर्जा दर ८ मिनिटांनी एकने भरते आणि मर्यादा २०० ची. रिकामी टाकी भरायला २६ तास ४० मिनिटं, आणि रिकामी करायला मला अर्धा तास पुरतो. गेन्शिन मला आवडतो, हेही सांगून टाकते. आवडतो म्हणूनच हा हिशेब रिव्ह्यूत मांडावासा वाटतो.

आता मी काय करते ते सांगते. दोन अकाउंट. पब्लिशरचं अकाउंट पुढचं काय काय आहे ते बघायला. दुसरं माझं स्वतःचं, कोऱ्या नोंदणीचं, एक पैसा न घातलेलं. मत बनतं ते दुसऱ्यावर. शेजारी साधी शंभर पानी वही. रोज रात्री चार ओळी: आज किती मिनिटं खेळले, किती वेळा थांबावं लागलं, किती वेळा ‘खरेदी करा’ची पाटी आली, किती रुपयांची. रुपयांतच लिहा. रत्नं, नाणी, हिरे ही सगळी नावं पैसा विसरायला लावण्यासाठीच असतात. निदान दहा दिवस. संपादक म्हणेल तीन दिवसांत द्या. तेव्हा ‘पहिली छाप’ असं शीर्षक देऊन, आकडा न देता लिहा. यावरून माझं एका साइटशी वाजलंसुद्धा. त्यांना आकडा हवाच होता, कारण आकड्याशिवाय कुणी क्लिक करत नाही म्हणे. ते काम गेलं. एका रिव्ह्यूचे आठशे रुपये मिळायचे, तेही तीन महिन्यांनी, त्यामुळे फार रडले नाही. थोडी रडले.

फोनचंही तेच. माझा पहिला फोन जुना, ३ जीबी रॅमचा होता आणि मला त्याची लाज वाटायची. खरं तर तोच माझं भांडवल होता, हे उशिरा कळलं. वाचकांत बहुतेकांकडे तसलेच फोन. अर्ध्या तासाने मागची बाजू किती तापते, तापल्यावर फ्रेम रेट किती घसरतो, फोन आला आणि परत गेममध्ये गेलं तर डाव तिथेच असतो की पहिल्यापासून, हे लिहा. महागडा फोन घेतल्याशिवाय सुरुवात करता येत नाही असं कुणी सांगितलं तर त्याला नमस्कार करून पुढे चला.

हातातल्या कन्सोलवर सापळ्याचं रूप वेगळं. तिथे रिव्ह्यू लिहिणारा निन्टेन्डोचा पहिला स्विच टीव्हीला जोडून सोफ्यावर बसतो आणि वाचक तोच गेम लोकलमध्ये, उभ्याने, ६.२ इंचांच्या स्क्रीनवर खेळतो. टीव्हीवर जास्तीत जास्त १०८०पी, हातात ७२०पी. फरक चित्रापेक्षा अक्षरांत जास्त जाणवतो. स्टीम डेक या हातातल्या कन्सोलसाठी ‘व्हेरिफाइड’ शिक्का द्यायला तो बनवणाऱ्या व्हॉल्व्हची एक अट अशी की १२८० बाय ८०० च्या स्क्रीनवर कुठलंही अक्षर ९ पिक्सेलपेक्षा बुटकं नको. इतकी साधी गोष्ट, पण कितीतरी रिव्ह्यूंत तिचा उल्लेखही नसतो. मी आता हातातल्या गेमचा निम्मा वेळ तरी बसमध्ये घालवते. सिंहगड रस्त्यावरच्या खड्ड्यांत नेम धरता आला तर नियंत्रणं चांगली, असा माझा खासगी निकष आहे. तो मी रिव्ह्यूत लिहीत नाही.

आकड्यांबद्दल. नवीन माणूस सगळ्यात जास्त वेळ यावर घालवतो आणि सगळ्यात कमी विचार करतो. मेटाक्रिटिक या सगळ्या रिव्ह्यूंचे गुण एकत्र करणाऱ्या साइटवर ६५ गुण मिळालेला सिनेमा हिरव्या रंगात दिसतो आणि ६५ गुणांचा गेम पिवळ्या. गेमला हिरवा व्हायला ७५ लागतात. म्हणजे सात ही आमच्याकडे ‘बरा आहे’ची खूण, आणि पाच म्हणजे शिवी. ही मोजपट्टी वाकडी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण एकट्याने ती सरळ करायला जाऊ नका. तुमचा प्रामाणिक ‘सहा’ वाचणाऱ्याला ‘टाकाऊ’ असाच ऐकू येणार. आधी मजकूर पूर्ण लिहा, एक रात्र जाऊ द्या, मग आकडा. मी नऊ आधी ठरवला होता आणि मजकूर त्याच्या मागे फरपटत गेला.

आकड्याने माणसांची पोटंही भरतात किंवा रिकामी राहतात. फॉलआउट: न्यू वेगस हा काही हातातला गेम नाही, पण गोष्ट माहीत असावी. मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनस होता. मिळाले ८४. हे ऐकून हात थरथरायला हवेत, पण म्हणून कुणाला दयेचा गुण देऊ नका. उलट्या बाजूचं उदाहरण निन्टेन्डो डीएसवरच्या जीटीए: चायनाटाउन वॉर्सचं. २००९ साली ९३ गुण मिळाले आणि तरी सुरुवातीची विक्री अपेक्षेच्या बरीच खाली राहिली. आपल्या आकड्याने जग हलतं असंही नाही आणि हलत नाही असंही नाही. जपानच्या फामित्सू मासिकात चार जण प्रत्येकी दहापैकी गुण देतात, मिळून चाळीस. ती पद्धत मला आवडते, कारण चौघांची चार मतं उघड दिसतात. एकट्याला ते शक्य नाही. एकट्याने निदान शेवटच्या ‘फायदे-तोटे’ यादीत जपून लिहावं. २०१४ साली आयजीएन या साइटने निन्टेन्डो थ्रीडीएसवरच्या पोकेमॉन ओमेगा रूबी आणि अल्फा सफायरला ७.८ दिले आणि तोट्यांत लिहिलं, ‘पाणी फार आहे’. मजकुरात त्यामागचं कारण होतं: समुद्रातलं सततचं पोहणं आणि त्यासाठी बाळगावी लागणारी पोकेमॉनची फौज. ते कुणी वाचलं नाही. तीन शब्दांचा विनोद मात्र अजून फिरतोय.

ॲपच्या दुकानातल्या ताऱ्यांवर विसंबून तर अजिबात लिहू नका. २०१४ मध्ये डंजन कीपरचा मोबाइल गेम आला. अँड्रॉइडवर तो विचारायचा, पाच तारे की एक ते चार? पाचवर बोट ठेवलं की थेट दुकानात, एक ते चारवर ठेवलं की तक्रारीचा ईमेल लिहायला. तारे वर राहिले यात नवल काय! युरोगेमर या साइटने त्याच गेमला दहापैकी एक दिला. उलटही होतं. मॉन्युमेंट व्हॅलीने नवीन भाग काढला, त्याचे वेगळे पैसे मागितले, म्हणून लोकांनी एकेक तारा ठोकला. तो भाग सुंदर आहे. तारा गेमला नव्हता, किमतीला होता.

आणि गेम बदलतात. क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्ड जून २०१९ मध्ये स्विचसह तेव्हाच्या मोठ्या कन्सोलवर आला. रिव्ह्यू छापून झाले आणि ऑगस्टमध्ये त्यात खऱ्या पैशांनी नाणी विकायला सुरुवात झाली. रिव्ह्यू खोटे नव्हते, शिळे झाले होते. म्हणून तारीख आणि आवृत्ती क्रमांक वरच टाका, खाली बारीक अक्षरांत नको.

शॉर्टकट विचारणारे मेसेज येतात. यूट्यूबवर कुणाचा तरी पूर्ण खेळ बघून लिहिलं तर? नका. दुसऱ्याच्या अंगठ्याने खेळलेला गेम तुमच्या हातात तापत नाही. तीस दिवसांत गेम रिव्ह्यूअर बनवणारे कोर्स? मी एकाला पैसे भरले होते. त्यात ‘पब्लिशरशी संबंध कसे जोपासावेत’ यावर चार व्हिडिओ होते आणि अकाउंटमध्ये भरून मिळणाऱ्या रत्नांवर एक वाक्य नव्हतं. मला खरं शिकवलं ते एका चिडक्या संपादकाने. ते दर ‘मनमोहक’खाली लाल रेघ मारून समासात एवढंच लिहायचे, ‘म्हणजे काय?’ असा माणूस मिळाला तर त्याची चिडचिड सोसा. गोड बोलणाऱ्या गुरूंपासून लांब राहा. हे माझं वैयक्तिक मत, पण ते बदलणार नाही.

फुकट मिळालेल्या गोष्टी जाहीर करा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये जाहिरातसदृश शिफारशींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, भेटवस्तूही त्यात येतात. मी पहिल्या परिच्छेदात लिहिते: कोड पब्लिशरने दिला, रत्नं इतकी भरलेली होती, ती मी मतासाठी वापरली नाहीत.

‘आपला गेम’ हा अजून एक नाजूक कोपरा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स कंपनीचा राजी हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला तेव्हा मला किती आनंद झाला सांगू! राजस्थानी वळणाचे महाल, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा. लढाया मात्र मला पुढे पुढे त्याच त्या वाटल्या आणि शेवट तुटल्यासारखा. दोन्ही लिहिलं. ‘आपल्याच माणसांचे पाय ओढता’ असं ऐकावं लागलं. ऐकून घेतलं.

पैशाचं विचाराल तर नोकरी सोडू नका. टचआर्केड ही २००८ पासून मुख्यतः मोबाइल गेमवर लिहिणारी साइट, तिनेही सप्टेंबर २०२४ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर केलं. घाबरवायला सांगत नाही. पण घाबरलात तरी हरकत नाही, मीही घाबरले होते आणि त्या रात्री वहीत चार ओळी लिहिल्याच. मोबाइल गेमना मेटाक्रिटिकवर आकडा लागायला किमान चार रिव्ह्यू लागतात, आणि कित्येकांना तेवढेही मिळत नाहीत. म्हणजे तुमच्यासाठी जागा आहे. मराठीत तर सगळं मैदानच मोकळं.

माझा तो ‘नऊ’ अजून त्या साइटवर आहे. दुरुस्ती टाका म्हणून तीन ईमेल केले, उत्तर आलं नाही. ओंकारने १७ तास थांबून दरवाजा उघडला होता. आत दुसरा दरवाजा निघाला, २४ तासांचा. परवा त्याने एका नव्या गेमचं नाव पाठवून विचारलं, “घेऊ का?” मी वही बघितली आणि कळवलं, “आज पाचवा दिवस आहे, पुढच्या रविवारी सांगते.”