केबल ट्रेचं आगीपासून संरक्षण: या चुका टाळा

गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, डिचोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा. केबल महागातली घेतलेली असते, ती वाहून नेणारा ट्रे गॅल्व्हनाइज्ड असतो आणि ट्रे भिंतीतून आरपार जातो तिथलं भोक मात्र उघडं असतं. त्यामुळे सुरुवात भोकापासूनच.

नवी केबल ओढली, भोक फोमनं भरलं

पॅनल रूमची भिंत दोन तास आग अडवेल अशी बांधतात. वर्षभरानं नवा कंप्रेसर येतो. केबल ओढणारे जुनं सील फोडतात, काम उरकतात आणि पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा डबा भोकात रिकामा करून निघून जातात. भोक बुजलेलं दिसतं, पण साधा पीयू फोम स्वतःच पेटतो. डब्यावर ‘अग्निरोधक’ छापलेला फोमही बहुधा अरुंद सांध्यांसाठी तपासलेला असतो. केबलच्या भोकासाठी चाचणीचा अहवाल दाखवला तरच तो वापरावा.

याचा परिणाम किती मोठा होऊ शकतो हे २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात दिसलं. नव्या केबलसाठी उघडलेल्या भोकातून हवा गळते का, हे तंत्रज्ञ मेणबत्तीच्या ज्योतीनं तपासत होते. गळती सापडली, तिथे पॉलियुरेथेन फोमचे तुकडे कोंबले आणि पुन्हा ज्योत धरली. हवेच्या दाबातल्या फरकामुळे ज्योत आत ओढली गेली आणि फोम पेटला. आग भिंतीपलीकडच्या ट्रेंमध्ये शिरली. १,६०० हून जास्त केबल जळाल्या. विजेच्या केबलवर पाणी मारायला तासन् तास कुणी तयार नव्हतं. शेवटी पाण्यानंच ती विझली, तोवर सुमारे सात तास गेले होते.

गोव्यात आणखी एक अडचण आहे, चिऱ्याच्या भिंतीची. चिरा सच्छिद्र असतो आणि फोडला की कडा भुसभुशीत होतात. त्यावर थेट सीलंट लावलं की ते भुगा घेऊन सुटतं. आधी भोकाच्या आतल्या चारही बाजूंना सिमेंटचा गिलावा करा आणि तो पक्का वाळू द्या. मग अग्निरोधक लेप दिलेल्या मिनरल वूलच्या (दगडी लोकरीच्या) ५० मिमीच्या दोन फळ्या बसवा. केबलच्या मधल्या फटीही अग्निरोधक सीलंटनं भरा, नुसती बाहेरची कड नको. काचेची लोकर इथे चालत नाही, ती आगीत वितळते. ज्या भोकातून पुन्हा केबल जाणार हे ठाऊक आहे, तिथे फायर पिलो (काढता-घालता येणाऱ्या अग्निरोधक उशा) रचा आणि स्टोअरमध्ये जादा पिलो ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो जोडल्याशिवाय केबल ओढण्याचं परमिट बंद करू नये. ही सवय एकदा लागली की निम्मी भोकं आपोआप बुजलेली राहतात.

ट्रेच्या मापानं रंग मागवला, पावसात फासला

अग्निरोधक लेपाचा वाळलेला थर साधारण १.६ मिमी लागतो. नक्की आकडा त्या लेपाच्या चाचणी अहवालात पाहावा. घाईत असलेला माणूस ट्रेची लांबी-रुंदी गुणून रंग मागवतो. ६०० मिमी रुंद, १० मीटर लांब ट्रे म्हणजे ६ चौरस मीटर, असा त्याचा हिशोब. पण केबल गोल असते. एका थरात चिकटून ठेवलेल्या केबलचा पृष्ठभाग त्याच ट्रेवर सुमारे १९ चौरस मीटर भरतो. लेपाचा घनभाग (वाळल्यावर उरतो तो) ६० टक्के असेल तर १.६ मिमी वाळलेल्या थरासाठी ओला थर २.७ मिमी लागतो, म्हणजे चौरस मीटरला २.७ लिटर. एकूण ५० लिटर, वाया जाणारं वेगळं. मागवलेले असतात १६ लिटर! मग वरून पांढरा हात फिरतो, खालची बाजू कोरी राहते आणि खालच्या ट्रेची आग नेमकी तीच बाजू चाटते.

थर दोन-तीन हातांत द्यावा. त्याच केबलचा तुकडा शेजारी बांधून त्यालाही तितकेच हात द्यावेत, वाळल्यावर कापून व्हर्नियरनं थर मोजावा. ओला थर मोजायचा दातेरी कंगवा एकटा पुरेसा नाही.

आता पावसाचं. प्लँट चवथीला (गणेशचतुर्थीला) बंद असतो म्हणून लेपाचं काम तेव्हाच काढतात. पाण्यावर आधारित लेप त्या दमट हवेत आतून वाळतच नाही, वरवर साय धरतो, दुसऱ्या हातानंतर फोड येतात. शक्यतो नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये करा. चवथीलाच करायचं असेल तर जागा झाका, डीह्युमिडिफायर लावा आणि केबलचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम असल्याची खात्री करा. डिचोलीकडची खनिजाची लाल धूळ आणि तेलाचा थर आधी पुसायलाच हवा. त्यावर मारलेला लेप पापुद्र्यानं निघतो.

बाकीच्या चुका

एफआरएलएस (आग रोखणारी, कमी धुराची) केबल जळत नाही, हा गैरसमज. तिचा ऑक्सिजन निर्देशांक (जळत राहायला हवेत किती टक्के ऑक्सिजन लागतो तो आकडा) किमान २९ असतो, पण जळताना २० टक्क्यांपर्यंत हायड्रोक्लोरिक वायू सुटला तरी चालतो. तो ओलाव्यात मिसळून शेजारच्या पॅनलचे संपर्क खातो. सील तिलाही हवंच.

उभ्या ट्रेत आग धुराड्यासारखी वर चढते. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमध्ये अडथळा द्या.

उष्णता ओळखणारी तार ट्रेच्या कडेनं सरळ नेऊ नका, केबलवरून नागमोडी न्या आणि तिच्यावर लेप फासू नका.

पॉवर आणि कंट्रोल केबल एका ट्रेत नकोत.

पूर्ण ट्रे अग्निरोधक आवरणात गुंडाळली तर केबलची विद्युतवहन क्षमता घटते, तो हिशोब आधीच करा.

जुन्या, तोडलेल्या केबल काढून टाका. ते फुकटचं इंधन आहे.

ट्रेवर वेल्डिंग करायचं तर खालची ट्रे फायर ब्लँकेटनं झाका आणि काम संपल्यावर तासभर माणूस तिथेच उभा ठेवा.